देवाच्या पानातलं मीठ

सत्यनारायणाच्या पोथीत पहिल्याच अध्यायात प्रसादाची कृती आहे. केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ, साखर. सगळं सव्वाच्या मापात. विष्णू ती नारदाला सांगतो आणि त्याच दमात सांगून टाकतो, की गहू नसतील तर तांदळाचं पीठ चालेल, साखर नसेल तर गूळ घ्या. गुरुजी हे इतक्या भरभर म्हणतात, आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष शिऱ्याच्या वासाकडे इतकं लागलेलं असतं, की ही ओळ कुणाच्या कानात शिरत नाही. मला मात्र ती फार आवडते. देवानं स्वतःच्या तोंडानं पाककृती सांगावी आणि तिच्यातच 'नसेल तर' जोडावं, म्हणजे त्याला स्वयंपाकघराची चांगली ओळख असणार.

आपली घरची पूजा म्हणजे तशी 'नसेल तर'चीच मालिका. मूर्ती नसेल तर गणपतीच्या जागी सुपारी. रेशमी वस्त्र नसेल तर कापसाचं. दागिने कुठून आणायचे? तर अलंकारांच्या ऐवजी अक्षता वाहतो असं स्वच्छ बोलून चार तांदूळ वाहायचे. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. मी नोकरीत असताना संस्कृत शिकवत होते, त्यातही मीमांसा हा माझा आवडीचा विषय. वर्गात मी मीमांसेचं नाव काढलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागायची. यज्ञात भाताऐवजी दुसरं धान्य चालेल का, या प्रश्नावर दोन हजार वर्षं वाद घालणाऱ्या माणसांबद्दल त्यांना जरा कीवच वाटत असावी. तो प्रश्न आमच्या ओट्यावर येईपर्यंत मलाही तो पुस्तकातलाच वाटत होता.

यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी पहिला हात मिठाला घातला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. म्हणजे सगळं धरून एक छोटा सपाट चमचा. हे 'सगळं धरून' फार घातक आहे. त्यात लोणचं आलं, पापड आला, संध्याकाळचं फरसाण आलं, पावसुद्धा आला. आणि आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जिच्यावाचून पान हलत नाही ती कांदा-लसणाची चटणी आली, जिच्यात कांडतानाच खडेमीठ पडलेलं असतं. मी शेंदेलोणाचं नाव काढलं, तर डॉक्टर हसले. तेही शेवटी सोडियम क्लोराइडच, उपासाला चालतं म्हणून रक्तदाबाला चालतं असं नाही. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ पाकिटात मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि यांच्या गोळ्याच अशा आहेत की शरीरातलं पोटॅशियम त्या धरून ठेवतात. तेव्हा तेही नको. थोडक्यात, मिठाच्या जागी दुसरं मीठ घालायची वाट बंद झाली.

मग रोजच्या स्वयंपाकात जे करायचं ते करत गेले. मीठ शिजताना न घालता पानात घेताना वरून भुरभुरायचं. जिभेला ते आधी भेटतं, म्हणून कमी पुरतं. आमटीला आमसूल थोडं जास्त. भाजी उतरवल्यावर लिंबू. जिरं कोरडं भाजून, गरम असतानाच खलबत्त्यात ओबडधोबड कुटून; बारीक पूड केली तर वास दुपारपर्यंतही टिकत नाही. भेंडीला ओवा, दुधी भोपळ्याला मिरे, कोशिंबिरीला भाजलेल्या तिळाचं कूट. चुक्याची भाजी तर जात्याच आंबट, तिला चिमूटभर मीठ पुष्कळ झालं. सुकं खोबरंही कमी करायचं होतं, तेव्हा वाटणाला जवस आला. जवसानं दाटपणा येतो, खमंगपणाही येतो, पण खोबऱ्याचं जे तेलकट गोडपण घासाच्या शेवटी मागे राहतं ते येत नाही. येतं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

रोजचं ठीक चाललं होतं. गौरी आल्या आणि अडलं.

आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एक भाजी, कोशिंबिरी, पंचामृत, भजी, खीर असा बेत असतो. सासूबाईंची नव्वदी जवळ आली आहे. त्या आता ओट्यापाशी उभ्या राहत नाहीत, खुर्चीवर बसून राज्य करतात. मी म्हटलं, "आई, या वेळी सगळ्यात मीठ बेताचंच घालते. यांनाही तोच प्रसाद खायचाय." सासूबाई निवडत होत्या त्या गवारीवरून नजरही न उचलता म्हणाल्या, "अगं, बीपी त्याला आहे. देवाला नाही."

यावर पटकन उत्तर सुचत नाही. दोन वेगळे स्वयंपाक करावेत, एक देवाचा नि एक यांचा, तर प्रसाद म्हणजे काय उरलं? देवापुढचं ताट उचलून त्यातलंच घरच्यांनी खायचं, यातच नैवेद्याची गंमत आहे. ज्या अन्नातला घास घरच्या कर्त्या माणसाला खाता येणार नाही, ते देवाला दाखवून त्याच्या हाती काय आलं? आणि एकच अळणी स्वयंपाक करावा, तर आपल्या आजारपणाचं पथ्य देवाच्या गळ्यात मारल्यासारखं होतं. शिवाय एक व्यावहारिक अडचण होतीच. नैवेद्याचं चाखून बघायचं नाही, कडक घरांतून तर वासही घ्यायचा नाही. मीठ कमी करून जिरं-आमसूल वाढवायचं हा अंदाजाचा खेळ, आणि अंदाज चुकला की नाही हे कळायचा एकमेव मार्ग बंद! यावर उपाय एवढाच, की आदल्या आठवड्यात सगळ्या भाज्या एकेक करून रोजच्या जेवणात करून बघायच्या. त्या मी केल्या. पण सासूबाईंच्या वाक्याला ते उत्तर नव्हतं.

ते शोधायला मी मीमांसेकडे वळले. तिचा मूळ ग्रंथ म्हणजे जैमिनीची सूत्रं, आणि त्यांच्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद प्रतिनिधीवर आहे. निवडणुकीतला नव्हे, नसलेल्या वस्तूच्या जागी येणारी वस्तू, ती प्रतिनिधी. पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पण करायची पिठाची भाकरी, तो भाताचा, म्हणजे व्रीहीचा करायचा आणि व्रीही हरवला, नासला, मिळेना, तर काय? आधी मीमांसक विचारतात की कर्म कोणतं आहे. नित्य कर्म, रोजचं, करायलाच हवं असं असेल तर जमेल तेवढ्या साधनांनी करा; एखादं अंग कमी पडलं म्हणून ते टाकता येत नाही. काही मिळवण्यासाठी स्वेच्छेनं करायचं काम्य कर्म असेल, तर सगळी सामग्री हाताशी असेल तरच हात घाला. मला यातला व्यवहार फार पटतो. रोजच्या आमटीत कढीपत्ता नसला तरी आमटी करायचीच असते. व्याह्यांना हौसेनं मटारची करंजी खाऊ घालायची असेल आणि मटार नसतील, तर तो बेतच रद्द करावा.

मग खरा प्रश्न, व्रीहीच्या जागी काय? नीवार. नीवार म्हणजे पेरल्याशिवाय उगवणारा रानातला भात, आपल्याकडे ज्याला देवभात म्हणतात. तो का? दिसतो तसाच म्हणून? या सूत्रांवरच्या शबरस्वामींच्या भाष्यात याचं जे उत्तर आहे त्यासाठी मी त्यांना सगळा रुक्षपणा माफ करते. व्रीहीत जे अंश आहेत त्यांतले बरेचसे नीवारात आहेत. यजमानाला नीवार नकोच आहे. त्याला अजूनही व्रीहीच हवा आहे, आणि नीवारातून तो व्रीहीचे मिळतील तेवढे अंश गोळा करतो आहे. सारखेपणा ही फक्त खूण. शोध चाललाय तो मूळ वस्तूचाच. म्हणून निषिद्ध वस्तूला प्रतिनिधी होता येत नाही, ती कितीही जवळची दिसली तरी. मूग नाहीत म्हणून उडीद घ्यावेत तर ते यज्ञाला वर्ज्य. आणि काही गोष्टींना प्रतिनिधीच नाही: देवता बदलता येत नाही, अग्नी बदलता येत नाही, मंत्र बदलता येत नाही, कर्म बदलता येत नाही, आणि ज्याच्यासाठी यज्ञ चाललाय तो यजमानही बदलता येत नाही. यांच्याऐवजी मी अळणी जेवून यांचा रक्तदाब उतरणार नाही, हे मीमांसकांना विचारल्याशिवायही मला माहीत होतं. पण त्यांनी ते सूत्रात बसवलं आहे.

हा अंशांचा विचार स्वयंपाकात किती चपखल बसतो ते हिंगाकडे पाहिलं की कळतं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाला की घरोघर हिंगाची डबी वर येते. कुणी रसायनशास्त्र शिकून हे केलेलं नाही. पण हिंगाच्या वासात आणि लसूण-कांद्याच्या वासात गंधकाची संयुगं असतात, आणि गरम तेलात पडल्यावर नाकाला जे ओळखीचं वाटतं ते त्यांच्यामुळे. म्हणजे हिंग खरोखरच लसणाचे अंश घेऊन येतो. आता यातून एक नाजूक प्रश्न निघतो, आणि तो मी आमच्या भिशीत विचारला तेव्हा दोघी माझ्यावर रुसल्या होत्या. लसूण तामसी म्हणून सोडायचा आणि लसणाचाच अंश हिंगातून घ्यायचा, तर सोडलं काय? मीमांसक सरळ म्हणेल की प्रतिनिधी शोधलात याचा अर्थ मूळ वस्तूची इच्छा सुटलेली नाही. चार महिने लसूण न खाणं आणि चार महिने लसणाची आठवण हिंगावर भागवणं ही दोन वेगळी व्रतं आहेत. दुसरं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः दुसरंच करते.

आयुर्वेदात हाच विषय वैद्यांनी हाताळला आणि त्यांचा कल जरा निराळा पडला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात न मिळणाऱ्या औषधांच्या जागी काय घ्यावं याची यादीच आहे. हिमालयातल्या अष्टवर्गातल्या वनस्पती वैद्याला दुर्मिळ, म्हणून मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा. मध नसेल तर जुना गूळ. केशर नसेल तर करडईचं फूल. पण शेवटी अट अशी, की योगातलं जे गौण द्रव्य त्यालाच प्रतिनिधी. जे मुख्य, त्याच्या जागी दुसरं घ्यायचं नाही. यज्ञवाल्यांनी पुरोडाशातला भातच बदलू दिला, आणि वैद्य मात्र मुख्य औषधाला हात लावू देत नाही. कारण उघड आहे. यज्ञाचं फळ कर्मातून यायचं, औषधाचं द्रव्यातून.

स्वयंपाक या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो, म्हणून प्रत्येक पदार्थाला मुख्य काय ते ठरवावं लागतं. कोथिंबीर वडीत कोथिंबिरीच्या जागी पालक घातला तर ती पालकवडी. चांगली लागेल, पण वेगळा पदार्थ. आमच्या शेजारच्या मालवणी बाई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर तिखलं करतच नाहीत. जिभेवर तो जो झिणझिण्या आणणारा भाग आहे तो मिऱ्यात नाही, लवंगेत नाही. तिरफळ हे तिथलं मुख्य द्रव्य आहे, आणि भावमिश्राचं नावही न ऐकलेल्या बाई त्याचा नियम पाळतात. गोड्या मसाल्यात मी खोबरं कमी करते, तीळ वाढवते, तेलात तळायच्या ऐवजी सगळं कोरडं भाजते. दगडफूल मात्र सोडत नाही. ते काळपट, कागदासारखं, फुलांच्या कुळातलंही नसलेलं दगडावरचं शेवाळवजा काहीतरी. नुसतं हुंगलं तर मातीचा वास. पण ते काढून घेतलं की उरतो तो नुसता धन्या-जिऱ्याचा मसाला.

मीठ कोणत्या बाजूला पडतं? मुख्य की गौण? इथे मीमांसेतला दुसरा एक भेद कामी येतो. चौथ्या अध्यायात ते विचारतात की यज्ञातली अमुक गोष्ट यज्ञासाठी आहे की माणसासाठी. यज्ञासाठी असेल तर ती नसल्यानं यज्ञात उणेपणा येतो. माणसाच्या प्रीतीसाठी असेल तर यज्ञाचं काही अडत नाही. भाजीतलं मीठ कुणासाठी? देवाला अमुक इतकं खारट हवं असं कुठे सांगितलेलं मला आढळलेलं नाही. उलट आपल्याकडे रूढी अशी, की माणसाचं पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात आणि नैवेद्याच्या ताटात मीठ वाढतच नाहीत. ही रूढी मला एकदम आठवली आणि मी ती हुकमाच्या एक्क्यासारखी सासूबाईंपुढे टाकली. "देवाच्या पानात मीठ वाढतच नाही ना आपण? मग त्याला कमी चालतं असंच झालं की." सासूबाई म्हणाल्या, "वरून वाढत नाही, कारण आत पुरेसं घातलेलं असतं. देवाला मीठ मागायची पाळी आली तर स्वयंपाक करणारीची लाज गेली."

दोन हजार वर्षांची मीमांसा गवारीच्या शिरांबरोबर सुपात पडली.

इथे बहुतेक लोक 'देव भावाचा भुकेला' म्हणून मोकळे होतात. मला हे वाक्य, खरं सांगायचं तर, आळशी वाटतं. सुदाम्याचे पोहे, विदुराच्या घरच्या कण्या, शबरीची बोरं यांतलं काहीच कशाचा प्रतिनिधी म्हणून आलेलं नव्हतं. सुदाम्यानं श्रीखंडाऐवजी पोहे आणले नव्हते. त्याच्याकडे पोहेच होते. त्या गोष्टींचा आधार घेऊन आपण डालडाचा शिरा साजूक तुपाचा म्हणून देवापुढे ठेवायला लागलो तर भाव कसला? प्रतिनिधी घ्यायचा तर काहीतरी नाही हे आधी कबूल करावं लागतं. अक्षता वाहताना आपण 'अलंकारांसाठी' असं तोंडानं म्हणतो, ती ही कबुली. भक्तीत ही कबुली देण्याची गरजच उरत नाही, म्हणून ती थोर. पण म्हणूनच ती रोजच्या स्वयंपाकघरात पळवाट व्हायलाही सोपी.

शबरस्वामी दुसऱ्या टोकाला आहेत. नवव्या अध्यायात ते सांगतात की देवतेला शरीर नाही, ती खात नाही, प्रसन्न होत नाही. देवता म्हणजे ज्याच्या नावानं द्यायचं ते नाव. समोरचा म्हणतो, अहो, भुंगा जसा रस घेतो तशी देवता अन्नातला सार घेत असेल, कारण देवापुढचं अन्न बेचव लागतं ना? शबर म्हणतात, ते वाऱ्यावर राहून गार होतं म्हणून बेचव लागतं. देवाधर्माच्या चर्चेत इतका रोखठोक स्वयंपाकघरी मुद्दा मी दुसरीकडे वाचलेला नाही. आणि याच महाराष्ट्रात, लहानग्या नाम्यानं विठोबापुढे ताट ठेवून, जेवला नाहीस तर हलणार नाही म्हणून हट्ट धरला आणि विठोबा जेवला, ही गोष्ट घराघरात सांगितली जाते. सासूबाई नामदेवाच्या बाजूच्या आहेत. त्यांचा देव खरंच जेवतो, म्हणून त्याला अळणी घालायला त्यांचा हात धजत नाही. माझा जीव शबराकडे ओढतो. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. एका घरात दोन दर्शनं नांदवायची तर एकीनं गप्प बसावं लागतं.

प्रतिनिधीला कबुली लागते म्हटलं, तर मीमांसेतच एक अडचण आहे, ती लपवणं बरं नाही. व्रीहीऐवजी नीवार घेतला तरी मंत्रात व्रीहीच म्हणायचं, शब्द बदलायचा नाही. मग पपईच्या बिया मिऱ्यात मिसळून 'मिरे' म्हणून विकणाऱ्यात आणि यजमानात फरक काय? दोघेही एक वस्तू देतात आणि दुसरीचं नाव घेतात. मी यावर बराच विचार केला. दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल बहुतेक वेळा मिळते ती तज. खरी श्रीलंकेची दालचिनी कागदासारखी पातळ, सिगारसारखी गुंडाळलेली असते. तजेत कूमारिन बरंच असतं, ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला चांगलं नाही. मसालेभातात एक तुकडा घालणाऱ्याला याचं काही नाही, पण 'आरोग्यासाठी' म्हणून रोज चमचाभर पूड पाण्यातून घेणाऱ्याला आहे. तज वाईट नाही. तिनं नाव चोरलं, एवढंच वाईट. आणि फरक इथेच आहे. यजमानानं व्रीही शोधलेला असतो आणि तो मिळालेला नसतो, हे त्याला ठाऊक असतं, ऋत्विजांना ठाऊक असतं. पपईच्या बिया घालणाऱ्याच्या गोदामात मिरे असतात. प्रतिनिधीत फसवला जाणारा कुणी नसतो. भेसळीला तो असावाच लागतो. १९७५ साली केरळात पांजाळ गावी नंबुदिरींनी अग्निचयन केलं तेव्हा बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे आले. जगभरच्या अभ्यासकांसमोर ते झालं. ज्यांना ते पटलं नाही त्यांनाही काय चाललंय ते दिसत होतं.

तर गौरीजेवणाचं काय ठरलं ते सांगते, कारण मीमांसेपेक्षा ते जास्त गुंतागुंतीचं होतं. पुरणात आणि खिरीत मिठाचा प्रश्न फारसा नव्हताच. सोळा भाज्यांची भाजी कमी मिठाची करायला सासूबाई एका अटीवर तयार झाल्या: ती ऋषीच्या भाजीसारखी करायची. ऋषीची भाजी म्हणजे ऋषिपंचमीची, बैलाच्या कष्टाचं काही न खाण्याच्या दिवसाची. आमच्याकडे तिला फोडणी नसते. मोहरी नाही, हळद नाही, हिंग नाही. अळू, लाल माठ, लाल भोपळा, पडवळ, सुरण, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबटाला अंबाडी, एखादी हिरवी मिरची, वरून तूप आणि ओलं खोबरं. मंद आचेवर, झाकण ठेवून, पाण्याचा हबकाही न मारता ती आपल्याच रसात शिजते. अळूच्या देठांचा बुळबुळीतपणा भोपळ्याच्या गोडाला धरून ठेवतो आणि अंबाडी सगळ्यांच्या वरून बोलते. कणसाचा तुकडा चोखताना मीठ कमी आहे हे लक्षातच येत नाही. तिथे कशाच्या ऐवजी काही घातलेलं नसतं, म्हणून उणंही काही वाटत नाही.

कटाच्या आमटीवर मात्र त्या अडून बसल्या. "आमटीत मीठ पुरतं पडेल. त्याला चालत नसेल तर त्यानं ती खाऊ नये. प्रसादाला पुरणाची पोळी आहे की." मुख्य द्रव्याला हात नाही! मी ऐकलं. यांनी आमटी खाल्ली नाही, पण वाटी नाकाशी धरून बराच वेळ बसले होते. प्रसाद हुंगण्याबद्दल धर्मशास्त्राचे निबंधकार काय म्हणतात ते मी मुद्दामच शोधलं नाही.

आता हे सगळं आमच्या मुलापर्यंत पोचलं आहे. तो जर्मनीत असतो, त्याचं वजन वाढलंय, म्हणून घरी स्वयंपाक करायला लागलाय, आणि दर शनिवारी फोनवर काहीतरी नसतंच. परवा आमसूल नव्हतं. मागच्या खेपेला त्यानं लिंबू पिळलं होतं, या वेळी लिंबूही संपलेलं. "आई, लिंबाच्या जागी व्हिनेगर घालू का?" आता मीमांसेच्या पुस्तकात या प्रसंगाला स्वतंत्र अधिकरण आहे. प्रतिनिधीही नासला तर काय? उत्तर असं, की प्रतिनिधीसारखं शोधायचं नाही, पुन्हा मूळ वस्तूसारखंच शोधायचं. नाहीतर सारख्याच्या सारख्याच्या सारख्याकडे जाता जाता माणूस भलतीकडे पोचतो. मी हे त्याला सांगणार तोच सासूबाईंनी फोन हातात घेतला.

"लिंबाचं काय घेऊन बसलायस? आमसुलासारखं काय मिळतं तिकडे ते सांग."

त्यानं थोडा विचार केला. कोपऱ्यावर तुर्की दुकान आहे, तिथे वाळवलेली आंबट प्लम मिळतात, काळपट, चिकट असतात म्हणाला.

"साल जाड असते का रे त्यांची?" सासूबाईंनी विचारलं.